घराचे चित्र आणि घराचा सर्व्हे नंबर

भिवंडीत बिऱ्हाड करायचे असले, की माणूस पूर्वी आधी ओळख शोधत असे आणि मग जागा. यंत्रमागाच्या कारखान्यातील मुकादम, शाळेतील सहकारी किंवा गावाकडून आधी येऊन स्थिरावलेला एखादा नातेवाईक यांच्यामार्फत खोलीचा सुगावा लागे. आज हा सारा व्यवहार हातातल्या मोबाइलवर आला आहे. शिक्षक मधल्या सुट्टीत, कचेरीतील कारकून जेवणाच्या वेळेत काल्हेर, कशेळी, कामतघर, टेमघर अशी नावे टंकून घरांची छायाचित्रे पाहतो, दर ताडून पाहतो आणि रात्री घरी त्यांची चर्चा होते. ही सोय मोठी आहे, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. रविवार खर्ची घालून आणि रिक्षाभाडे भरून पाच जागा पाहण्याऐवजी घरबसल्या पन्नास जागा पाहता येतात. दलालाने सांगितलेला भाव हाच शेवटचा शब्द राहत नाही. परंतु आयुष्याची पुंजी घालून जी वस्तू घ्यायची, तिच्याबद्दल जे कळायला हवे ते या संकेतस्थळांवर कळते काय, हा प्रश्न वेगळा आहे. भिवंडीसारख्या शहरात तो केवळ पैशाचा प्रश्न नाही. येथे तो जिवाचाही ठरलेला आहे.

पैसे कोण मोजतो?

या संकेतस्थळांची तुलना करताना सामान्यतः घरांची संख्या, छायाचित्रे, नकाशाची सोय असे निकष लावले जातात. त्यापेक्षा अधिक उपयोगी निकष म्हणजे, त्यांना पैसे कोण मोजतो हा. नोकऱ्यांच्या जाहिरातींचे संकेतस्थळ चालवणाऱ्या इन्फो एज या कंपनीने २००५ साली नाइन्टीनाइन एकर्स काढले. पाठोपाठ २००६ मध्ये टाइम्स समूहाचे मॅजिकब्रिक्स आले. या दोहोंचा पिंड वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातींचाच आहे. घरमालक, दलाल आणि बिल्डर असे तिघेही तेथे जाहिरात देतात. घरमालकाला काही मर्यादेपर्यंत ती फुकट देता येते. दलाल आणि बिल्डर मात्र वर्गणी भरतात, आणि अधिक भरणाऱ्याची जाहिरात अधिक ठळक होते. साहजिकच तेथे घरांची संख्या मोठी असते, आणि एकच घर चार दलालांच्या नावांनी चार भावांना दिसण्याचा संभवही तितकाच मोठा असतो.

२०१२ साली पवईच्या आयआयटीतील तरुणांनी हाउसिंग डॉट कॉम सुरू केले. नकाशावर घर दाखवायचे आणि आपला माणूस पाठवून जागेची छायाचित्रे घ्यायची, ही त्यांची कल्पना. जाहिरातदाराच्या शब्दावर विसंबून न राहण्याचा तो एक लक्षणीय प्रयत्न होता. परंतु दारोदार माणूस पाठवणे खर्चाचे असते. कंपनीत पुढे बरीच उलथापालथ झाली आणि २०१७ मध्ये तिचे प्रॉपटायगरशी एकत्रीकरण झाले आणि पुढे ती ऑस्ट्रेलियातील आरईए समूहाच्या छत्राखाली गेली. २०१४ साली बंगळूरमध्ये निघालेल्या नोब्रोकरने दलालाला दारच बंद केले. मालक आणि घर शोधणारा यांची तेथे थेट गाठ पडते. काही संपर्क फुकट मिळतात, पुढच्यांसाठी ग्राहकाने वर्गणी भरायची. पैसे मोजणारा ग्राहक स्वतः आहे, ही या पद्धतीची जमेची बाजू. पण मालकाच्या वेषात शिरणारा दलाल ओळखायचा कसा, ही कटकट तेथेही उरतेच; शिवाय दलाली वाचवणाऱ्याला कागद तपासण्याचे काम एकट्याने करावे लागते. स्क्वेअर यार्ड्ससारख्या कंपन्या तर स्वतःच मोठे दलाल आहेत. नव्या प्रकल्पातील घर त्यांच्यामार्फत विकले गेले, की बिल्डरकडून त्यांना मोबदला मिळतो.

एवढ्यावरून ही संकेतस्थळे लबाड आहेत, असे म्हणता येणार नाही. छापलेल्या जाहिरातीतील मजकुराची हमी वृत्तपत्रेही घेत नाहीत. परंतु ज्याला आपण घरांचा बाजार समजतो तो बव्हंशी आपल्या दूरध्वनी क्रमांकाचा बाजार असतो, हे ग्राहकाने ओळखून असावे. एखाद्या घराच्या चित्राखाली क्रमांक भरला, की थोड्याच वेळात चार-पाच एजंटांचे फोन सुरू होतात, आणि ज्या घराची चौकशी केली ते ‘कालच गेले’ असे ऐकू येते. विशेष हे, की ते घर पुढे महिनाभर त्याच भावाने पडद्यावर दिसत राहते.

एजंटाची बाजू

नाक्यावर दहा बाय दहाचे दुकान मांडून बसलेला एजंट या व्यवस्थेत सुखी आहे, असेही नाही. दुकानाच्या भाड्याबरोबर त्याला आता दोन-तीन संकेतस्थळांची वर्गणी भरावी लागते. तिच्या मोबदल्यात त्याला चौकशी करणाऱ्यांचे क्रमांक मिळतात, पण तेच क्रमांक त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या हातीही पडतात. जो आधी फोन करील आणि जो अधिक स्वस्त भाव लिहील त्याची सरशी होते. खरा भाव लिहिणारा मागे पडतो आणि नसलेल्या घराचे आमिष दाखवणारा पुढे जातो. लबाडीला बक्षीस देणारी ही रचना ज्यांचे नुकसान करते, त्यांत ग्राहकाइतकाच सचोटीचा एजंटही आहे.

अमेरिकेत या दुखण्यावर एजंटांनीच फार पूर्वी एक उपाय काढला. एका भागातील एजंट आपापल्याकडची घरे ‘मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस’ नावाच्या सामाईक यादीत नोंदवतात आणि घर विकले गेले की यादीत तशी नोंद करतात. झिलोसारखी तेथील संकेतस्थळे बव्हंशी अशा याद्यांच्या आधारावर उभी आहेत. त्या पद्धतीतही दोष आहेत. दलालीच्या नियमांवरून तेथील एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेला खटल्यांना तोंड द्यावे लागले आणि २०२४ मध्ये तडजोड करून ते नियम बदलणे भाग पडले. तथापि एक घर एकदाच, एका भावाने आणि त्याच्या खऱ्या स्थितीसह दिसावे, ही शिस्त एजंटांनी आपल्याच हितासाठी लावून घेतली होती. आपल्याकडे तशी सर्वमान्य सामाईक यादी नाही.

दलाल नकोच, ही घोषणा आकर्षक असली तरी ती पुरती खरी नाही. कोणत्या इमारतीत पाणी किती वाजता येते, पावसाळ्यात कोणत्या गल्लीत पाणी भरते, कोणत्या सोसायटीचा विजेचा मीटर अजून बिल्डरच्या नावावर आहे, हे चांगल्या एजंटाला ठाऊक असते आणि संकेतस्थळाला नसते. वाईट एजंटाजवळही अशीच माहिती असते. तो ती विकतो किंवा दडवतो. आणखी एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. संकेतस्थळावरील रकान्यांत धर्म आणि जात नसते, पण दूरध्वनीवरचा पहिला प्रश्न पुष्कळदा आडनावाचा असतो. १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिलेल्या या शहराला कोणी कोठे राहावे याच्या अलिखित नकाशाची ओळख करून द्यायला नको. त्या नकाशावर नव्या यंत्राने अजून तरी पुसट रेघही मारलेली नाही.

भाव कशाचा?

संकेतस्थळांचा सर्वांत मोठा उपयोग म्हणजे भावांची तुलना, असे मानले जाते. ही तुलनाही दोन कारणांनी फसवी ठरते. पहिले कारण क्षेत्रफळाचे. समजा, एका घराची किंमत २८ लाख रुपये आहे. जाहिरातीत त्याचे क्षेत्र ६४० चौरस फूट दिलेले असले, तर दर फुटाला ४,३७५ रुपये पडतो. पण हे ‘सुपर बिल्ट-अप’ क्षेत्र असून आतली वापराची जागा, म्हणजे चटई क्षेत्र, ४०० फूट असेल, तर खरा दर ७,००० रुपये होतो. शेजारच्या जाहिरातीत चटई क्षेत्रावर ६,५०० रुपये दर लिहिणारा सरळ माणूस यादीत महाग दिसतो! स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ज्याला आपण रेरा म्हणतो त्या २०१६ च्या कायद्याने, चटई क्षेत्राची व्याख्या ठरवून दिली आहे. बाहेरच्या भिंती आणि गॅलरी त्यात येत नाहीत, आतल्या भिंती येतात. जुन्या घरांच्या पुनर्विक्रीच्या जाहिरातींत मात्र जो तो आपापल्या फुटपट्टीने मोजतो.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे. संकेतस्थळावर दिसतो तो मागितलेला भाव. दिलेला भाव वेगळा असतो, आणि तो कोठे लिहिलेला असतो हे फार थोड्यांना माहीत आहे. दस्तनोंदणी झाली, की ‘सूची क्रमांक दोन’, म्हणजे बोलीभाषेतील ‘इंडेक्स टू’, तयार होते. तीत मोबदल्याची रक्कम, क्षेत्र, तारीख आणि मिळकतीचे वर्णन असते. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाने हे अभिलेख शोधण्याची विनामूल्य सोय आपल्या संकेतस्थळावर केली आहे. मुंबईसाठी १९८५ पासूनचे आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी २००२ पासूनचे दस्त तेथे पाहता येतात. रोखीचा व्यवहार लपवलेला असल्याने ही रक्कमही कधी कधी कमी लिहिलेली असते, हे खरे. तरीही बिल्डरच्या तोंडी भावापेक्षा सही-शिक्क्यानिशी नोंदलेला आकडा अधिक विश्वासार्ह मानला पाहिजे.

मग ग्राहक तो का पाहत नाही? कारण त्याला फक्त संकुलाचे नाव ठाऊक असते, आणि सरकारचे दफ्तर सर्व्हे नंबरने चालते. गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक दिल्याशिवाय तेथील शोध पुढे सरकत नाही. जाहिरातीत जलतरण तलाव असतो, बाग असते, डिसेंबर २०१८ मध्ये पायाभरणी झाली त्या दिवसापासून जाहिरातींतून धावू लागलेली ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोही असते. पण इमारत कोणत्या सर्व्हे नंबरवर उभी आहे, हे सहसा नसते. घराचे चित्र एका दुनियेत आणि घराचा कागद दुसऱ्या दुनियेत, अशी ही फारकत आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ही फारकत राहिलेली नाही. तेथील जमीन नोंदणी खाते १९९५ पासूनच्या घरविक्रीच्या किमती खुल्या करते, आणि राइटमूव्हसारख्या संकेतस्थळावर मागितलेल्या भावाबरोबर त्या भागातील घरे पूर्वी प्रत्यक्षात कितीला गेली हेही पाहता येते. संकेतस्थळाच्या मालकाच्या सद्बुद्धीतून हे घडलेले नाही. सरकारी नोंद वापरण्याजोग्या रूपात बाहेर आली, म्हणून ते शक्य झाले.

भिवंडीचा धडा

भावातली चूक माणूस दहा वर्षांनी विसरू शकतो. कागदातली चूक विसरता येत नाही. भिवंडी शहराचा कारभार महापालिकेकडे आहे, तर भोवतालच्या ६० गावांच्या अधिसूचित क्षेत्रात बांधकामाला परवानगी देण्याचा अधिकार २००७ पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. ठाण्याची खाडी ओलांडली की लागणारी कशेळी आणि काल्हेर, पुढची पूर्णा, वळ, माणकोली ही गावे याच पट्ट्यात येतात. गोदामांच्या उदयाबरोबर येथे घरेही झपाट्याने उभी राहिली. त्यांत रीतसर परवानगीचे मोठे प्रकल्प आहेत आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर उठलेल्या इमारतीही आहेत. पडद्यावर दोन्हींची छायाचित्रे सारखीच सुंदर दिसतात. दुसऱ्या प्रकारचे घर स्वस्त असते, म्हणून ते यादीत आधी डोळ्यांत भरते. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, हे घेणाऱ्याला पुष्कळदा तेव्हा कळते, जेव्हा मोठी बँक कर्ज नाकारते आणि कोणी खासगी सावकारी संस्था चढ्या व्याजाने ते द्यायला पुढे येते.

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत झोपेतल्या रहिवाशांसह कोसळली आणि ४० च्या आसपास माणसे मेली. २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाडा येथे तळाला गोदाम आणि वर राहती घरे असलेली वर्धमान इमारत कोसळून ८ जणांचा बळी गेला. अशा इमारतींत राहायला येणाऱ्या माणसाने जागा नाक्यावर शोधली की मोबाइलवर, याने काय फरक पडतो? इमारत केव्हाची, तिला परवानगी होती काय, तिची संरचनात्मक तपासणी झाली काय, हे त्याला दोन्हीकडे कळत नाही. धोकादायक इमारतींच्या याद्या महापालिका पावसाळ्यापूर्वी करतात. पण घराच्या जाहिरातीजवळ त्या यादीतील नोंद दिसेल, अशी तजवीज कोणी केलेली नाही.

१ मे २०१७ पासून महारेरा प्राधिकरण आले आणि परिस्थिती बरीच सुधारली, हे निःसंशय. प्रकल्पाची नोंदणी, जाहिरातीत नोंदणी क्रमांक, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड, २०२४ च्या आरंभापासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षेचे प्रमाणपत्र, ही सारी पावले योग्य दिशेची आहेत. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कायद्याने मनाई आहे. पण या कवचाला मर्यादा आहेत. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा ८ घरांपर्यंतच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही, आणि कायदा लागू होण्यापूर्वी पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतींनाही नाही. शिक्षक-कारकुनाच्या आवाक्यातली भिवंडीतील पुष्कळ घरे अशा लहान किंवा जुन्या इमारतींत असतात. शिवाय क्रमांक आहे म्हणून निर्धास्त व्हावे, अशीही स्थिती नाही. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या सादर करून ६५ इमारतींना महारेराचे क्रमांक मिळवण्यात आल्याचे २०२२ मध्ये उघडकीला आले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तेथे घरे घेणाऱ्यांनी क्रमांक पाहिला होता. क्रमांकामागचा कागद खोटा होता.

एक रकाना वाढवा

तेव्हा करायचे काय? संकेतस्थळांवर बहिष्कार घालणे हास्यास्पद होईल आणि दलालांना शिव्या घालणे निष्फळ. मागणी अगदी लहान आहे. घरविक्रीची प्रत्येक जाहिरात, मग ती कागदावर असो की पडद्यावर, मिळकतीचा सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर दिल्याशिवाय प्रसिद्ध करता येऊ नये. त्याबरोबर चटई क्षेत्र, इमारतीच्या पूर्णत्वाचे वर्ष, एजंटाचा व असल्यास प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, आणि जाहिरात शेवटची कधी तपासली ती तारीख, एवढे चार रकाने असावेत. सर्व्हे नंबर हाती आला, की सातबारा किंवा मिळकत पत्रिका, सूची क्रमांक दोन आणि रेडी रेकनरचा दर या तिन्ही दारांची किल्ली ग्राहकाला मिळते. राहिले चौथे दार, बांधकाम परवानगीचे. महापालिका आणि प्राधिकरण यांनी दिलेल्या, आणि विशेषतः न दिलेल्या, परवानग्या सर्व्हे नंबरनिहाय लोकांना पाहता येतील, अशा रीतीने मांडल्या पाहिजेत. डोंबिवलीत जे झाले त्यानंतर तरी याला विलंब लागायला नको होता.

संकेतस्थळे यावर म्हणतील, की आम्ही केवळ जाहिराती लावतो. पण रेरा कायद्यातील एजंटाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. कोणत्याही माध्यमातून घेणारा आणि विकणारा यांची गाठ घालून देणारा आणि त्याबद्दल मोबदला घेणारा माणूस त्या व्याख्येत येतो. क्रमांक विकून मिळणारे उत्पन्न गाठ घालून देण्याचे आहे की जाहिरातीचे, याचा निकाल विधिज्ञांनी लावावा. सामान्य वाचकाला मात्र त्याचे उत्तर आपल्या फोनच्या घंटीवरून केव्हाच मिळालेले आहे.

हे होईपर्यंत ग्राहकाने काय करावे? सर्व संकेतस्थळांवर घर पाहावे आणि कोणत्याही एकावर विश्वास ठेवू नये. भाव विचारण्याआधी सर्व्हे नंबर विचारावा. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि ती ज्या कार्यालयाने दिली तेथे जाऊन पडताळावी. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल, तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा. जो एजंट या प्रश्नांनी चिडतो त्याला तेथेच नमस्कार करावा, आणि जो शांतपणे कागद काढून दाखवतो त्याला त्याची दलाली आनंदाने द्यावी. ती त्याने कमावलेली असते.

१९६३ साली महाराष्ट्राने मालकी हक्काच्या सदनिकांसाठी कायदा केला, तेव्हा बिल्डरने जमिनीवरील आपल्या हक्काची कागदपत्रे घेणाऱ्याला दाखवली पाहिजेत, असे बंधन त्यात घातले होते. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. कागद संगणकात गेले, घरे पडद्यावर आली, आणि दोहोंमधले अंतर आहे तेवढेच राहिले. भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून आणि पतपेढीचे कर्ज डोक्यावर घेऊन भिवंडीत दोन खोल्या घेणाऱ्या माणसाला जलतरण तलावाचे चित्र नको आहे. आपण ज्या छपराखाली मुलांना निजवणार, त्याला परवानगी आहे काय, एवढेच त्याला कळायला हवे. आणि ते सांगण्याची जबाबदारी बाजाराइतकीच सरकारचीही आहे.